चव्वेचाळीस दिवे

दिवाळीच्या सुटीत मी दरवर्षी कैनाडला जातो. वडील प्राथमिक शिक्षक म्हणून डहाणू तालुक्यातल्या या वारली वस्तीच्या गावी आले आणि इथल्या माणसांशी त्यांची अशी काही गट्टी जमली, की निवृत्तीनंतर त्यांनी इथेच चार खोल्यांचे घर बांधले. आता ते नाहीत. आई मात्र तिथून हलायला तयार नाही. "तुमच्या फ्लॅटमध्ये पणती ठेवायला धड उंबरठा तरी आहे का?" हा तिचा सवाल. मी मराठीचा प्राध्यापक. पण या सवालाला उत्तर अद्याप मला सापडलेले नाही.

यंदा घरी पोचलो तो ओटीवर वेगळेच दृश्य. शंकरपाळ्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून उभा केला होता आणि त्यापुढे तिघीजणी तल्लीन होऊन बसल्या होत्या. एक आई, दुसरी माझी भाची आणि तिसरी शेजारची मावशी. मावशी म्हणजे धवलेरी. वारल्यांच्या लग्नात परंपरेने गाणी म्हणून लग्न लावते ती धवलेरी. तेव्हा गावातल्या अनेक संसारांचा पाया मावशीच्या गळ्याने घातलेला आहे म्हणा ना! पडद्यावर बर्फ पडत होते आणि भाची मराठीतून कथानक सांगत होती.

"मामा, बस ना. हनुकाचा सिनेमा आहे."

माझ्या पोटात धस्स झाले. हा सिनेमा करमणुकीसाठी चाललेला नव्हता हे त्या ओटीवर फक्त दोघांना ठाऊक होते. एक ती आणि दुसरा मी.

त्याचे असे झाले. भाचीला ठाण्यातला एक मुलगा आवडला आहे. मुलगा शिकलेला, मराठी आपल्यासारखेच बोलणारा. आडनावाच्या शेवटी चांगला ठसठशीत 'कर'. आणि धर्माने ज्यू, म्हणजे आपल्या कोकणातला बेने इस्राएल. ताईने मला विश्वासात घेतले. "तू शिकलेला आहेस, तूच आईच्या कानावर घाल," म्हणाली. शिकलेल्या माणसाच्या वाट्याला नेहमी असलीच कामे येतात. मी ते काम दोन महिने पुढे ढकलले. शेवटी भाचीने माझा नाद सोडला आणि अमेरिकन चित्रपटांची मदत घेतली.

अमेरिकेत हॉलमार्क नावाची शुभेच्छापत्रांची जुनी कंपनी आहे. तिच्याच नावाची दूरचित्रवाणी वाहिनी आहे आणि ती दर हिवाळ्यात नाताळच्या प्रेमकथांचा नुसता पाऊस पाडते. शहरातली मुलगी गावी येते, गैरसमज होतात, बर्फ पडते आणि शेवटच्या पाच मिनिटांत सारे काही गोड होते. मग कोणीतरी विचारले, की ज्यूंनी प्रेमात पडायचेच नाही का? 2019 साली या वाहिनीने 'डबल हॉलिडे' आणि 'हॉलिडे डेट' असे दोन चित्रपट दाखवले, तेव्हा टीकाही झाली. कारण ज्यू माणूस तिथे नाताळाच्या मांडवात आलेल्या पाहुण्यासारखा वावरत होता. 2020 मध्ये 'लव्ह, लाइट्स, हनुका!' आला. त्यातली नायिका नाताळ साजरा करीत वाढलेली. एका तपासणीत तिला कळते, की आपण निम्म्या ज्यू आहोत. मग जन्मदाती सापडते, हनुकाचे दिवे लागतात आणि प्रियकरही मिळतो. 2022 च्या 'हनुका ऑन राय'मध्ये तर दोन खानावळवाल्या घराण्यांची चढाओढ आहे आणि मुलगा नि मुलगी एका सोयरीक जुळवणाऱ्या बाईमार्फत एकमेकांना न ओळखताच पत्रे लिहीत असतात. सोयरीक जुळवणारी बाई म्हणताच आईने मान डोलावली. हे तिच्या ओळखीचे निघाले.

चित्रपट संपला. नायक-नायिका दिव्यांपुढे उभी राहिली, चुंबन झाले आणि पडदा काळा पडला. मावशी जागची हलेना.

"लगीन कुठं दाखवलं?" तिने विचारले.

"लग्न नसतंच दाखवत यात, मावशी. इथंच संपतं."

"मंग काय संपलं?" मावशी म्हणाली. "हे तं सुरू झालं."

मी साहित्य शिकवतो. शोकांतिका आणि सुखान्तिका यांवर वर्षानुवर्षे तास घेतो. पण या चित्रपटांवरची इतकी नेमकी टीका मला करता आली नसती. कारण नेमके काय सुरू होते, ते मी ठाण्याला जाऊन पाहून आलो होतो.

ठाण्यात 1879 सालापासून सिनेगॉग आहे. मुलाचे घर तिथून फार लांब नाही. मी गेलो तेव्हा त्यांचे नवे वर्ष नुकतेच होऊन गेले होते. त्याच्या आईने चिकाचा हलवा पुढे ठेवला. गव्हाचा चीक, नारळाचे दूध, साखर. तोंडात टाकला मात्र, मला कुरडयांच्या दिवसांतले आमचे घर आठवले. बाई बोलक्या होत्या. त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात जोडपी वाचली, ही परंपरागत हकीकत त्यांनी आत्याबाईची गोष्ट सांगावी तशी सांगितली. वाचलेल्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद म्हणून कुलाब्यात लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

"आणि गंमत ऐका, सर," त्या म्हणाल्या, "हनुका आमच्या जुन्या लोकांना माहीतच नव्हता!"

मी चकित झालो. इसवी सनापूर्वी 164 च्या सुमारास जेरुसलेमचे भ्रष्ट झालेले मंदिर ज्यूंनी परत मिळवले. दिव्याला एकाच दिवसापुरते तेल होते, ते आठ दिवस पुरले, अशी कथा आहे. त्याची आठवण म्हणजे हनुका. कोकणातल्या बेने इस्राएलांना हा सण ठाऊक नव्हता. त्याआधीच आपले पूर्वज मायदेशातून निघाले असावेत, असा अर्थ त्यांच्यातले इतिहासकार लावतात. पुढे बाहेरच्या धर्मबांधवांशी संबंध आला, शिक्षक आले, तेव्हा त्यांनी तो शिकून घेतला. म्हणजे पाहा, पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्यांनाच तेलाच्या सणाची खबर नव्हती! आणि शिकल्यावर मात्र तो असा आपलासा केला, की आज कोणी म्हणणार नाही हा मागून आलेला आहे.

हलवा संपला तशी बाईंचा आवाज खाली आला.

"तुमची मुलगी गुणी आहे. मला ती आवडते. पण सर, तुमच्या घरात आमचा मुलगा आला तर तुमचं काय कमी होणार आहे? तुम्ही समुद्राएवढे. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि दहावा कुठून आणायचा म्हणून कधीकधी फोन करावे लागतात. मूल आईच्या धर्माचं, असा आमचा कायदा. मग माझी नातवंडं कोण?"

यावर मला काही बोलता आले नाही. 1951 च्या जनगणनेत भारतात सुमारे 26 हजार ज्यू होते. 2011 मध्ये साडेचार हजारांच्या आसपास उरले. बाकीचे बहुतेक इस्राएलला गेले. हे आकडे मी वाचले होते. पण आकड्याला हलव्याची बशी हातात घेऊन समोर बसलेले प्रथमच पाहिले. तोवर मी समजत होतो, की परवानगी द्यायची ती आपण. औदार्य दाखवायचे ते आपण. वर्गात जातिभेदावर मी मोठ्या आवेशाने बोलतो, आणि भाचीच्या बाबतीत दोन महिने गप्प बसलो, हा माझा भित्रेपणा तर होताच. परंतु त्या भित्रेपणातही एक तोरा होता. आपल्याला सोडावे लागेल त्याचाच हिशेब मी करीत होतो. त्या बाईंना काय सोडावे लागेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

कायद्याने वाट मोकळी आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस दिली, की कोणी धर्म बदलण्याची गरज नाही. भाचीने धर्म स्वीकारायचे ठरवलेच, तर तो पुष्कळ अभ्यासाचा आणि सबुरीचा मार्ग आहे. दोन्ही वाटांवर कोणाच्या तरी घरचा एखादा दिवा मंद होणार. हॉलमार्कच्या चित्रपटात हा प्रश्न नव्वद मिनिटांत बसत नाही, म्हणून तो बर्फाखाली झाकून ठेवतात.

रात्री दूर पाड्यावर तारपा वाजू लागला. अंगणात आई पणत्यांत तेल घालीत होती. मी धीर करून तिच्याशेजारी बसलो आणि सारे सांगितले. मुलगा, ठाणे, आईचा प्रश्न, दहा माणसे, काही लपवले नाही. भाची दाराआड उभी होती; तिची सावली मला दिसत होती.

आई बराच वेळ वाती सारखी करीत राहिली. मग म्हणाली, "तीन दिवस सिनेमे दाखवत्येय मला. मला का कळलं नसेल? मी वाट बघत होत्ये, तू कधी तोंड उघडतोस त्याची."

मी मान खाली घातली.

"त्या बाईंचं बरोबर आहे," आई पुढे म्हणाली. "पोरगी तिथं जायची तर त्यांचं घर उजळायला जाऊ दे, विझवायला नको. आधी त्यांच्याकडे जाऊन बसू दे, शिकू दे. मग काय ते ठरवा." जरा थांबून तिने विचारले, "त्यांचे दिवे कसे लावतात रे?"

मी सांगितले. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे आठव्या रात्री आठ. शिवाय ते पेटवायला रोज एक सेवक-दिवा वेगळा.

आई बोटांच्या पेरांवर मोजू लागली. भाची केव्हा उंबरठ्यावर येऊन बसली ते कळलेही नाही.

"चव्वेचाळीस," आई म्हणाली. आणि तेलाच्या बरणीकडे पाहत, "एवढ्यात भागायचं नाही. डिसेंबरात तू ठाण्याला जाशील तेव्हा त्या बाईंसाठी माझ्याकडून तिळाचं तेल घेऊन जा. आणि हो, शनिवारी जाऊ नकोस."