बर्फावरचा खेळ

मराठीत ‘खेळ’ हा शब्द फार ऐसपैस आहे. मुलांचा खेळ असतो, नाटकाचा खेळ लागतो, आणि शिमग्यात कोकणातल्या घरोघरी नाचत येणारे नमनवालेही ‘खेळे’च असतात. ‘क्रीडा’ हा शब्द आपण त्या मानाने जपून वापरतो. हिवाळी ऑलिंपिक आले की आमच्या विभागात जो वाद रंगतो तो ऐकताना मला या दोन शब्दांची हटकून आठवण होते. ज्यांनी जन्मात पायाला स्की बांधली नाही अशी आम्ही प्राध्यापक मंडळी दिल्लीच्या थंडीत हीटरभोवती बसून फिगर स्केटिंग ही क्रीडा की नृत्य, आणि बर्फावर दगड सोडून त्याच्यापुढे झाडू मारीत धावणे, म्हणजे कर्लिंग, ही क्रीडा की घरकाम, यावर हिरिरीने बोलत असतो.

बहुतेकांचा निकष एकच: घड्याळ किंवा मोजपट्टी जिचा निकाल देते ती क्रीडा, परीक्षक देतात ती कला. मला हा निकष पटत नाही. फिगर स्केटिंग हिवाळी ऑलिंपिकच्या जन्माआधीच, १९०८ साली, लंडनच्या ऑलिंपिकमध्ये होते. उलट संगीताच्या साथीने होणारे स्की-बॅले १९८८ आणि १९९२ साली केवळ प्रात्यक्षिकापुरते आले आणि गेले. अशा ये-जा करण्यात तत्त्वापेक्षा समित्यांची मर्जीच मला अधिक दिसते. मल्लखांबावरची सफाई परीक्षकच तोलतात. म्हणून ती क्रीडा नव्हे, असे आखाड्यातल्या एखाद्या वस्तादाला सांगून पाहावे! साहित्याच्या अभ्यासकांनी तर येथे बेतानेच बोललेले बरे. १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये साहित्यालाही पदके होती, आणि १९१२चे सुवर्णपदक टोपणनावाने काव्य पाठविणाऱ्या खुद्द कूबर्तँ यांनाच मिळाले होते.

खरा पेच मला दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे हिवाळी क्रीडासप्ताह भरला. पुढे त्यालाच पहिले हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता मिळाली. त्याच्या समारोपात गिर्यारोहणाचे पारितोषिक १९२२च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला देण्यात आले. शिखर सर झाले नव्हते. ७ जून १९२२ रोजी, नॉर्थ कोलखालच्या उतारावर, कोसळलेल्या बर्फाखाली सात भारवाहक मात्र गाडले गेले होते. पदके मोहिमेतल्या साहेबांना मिळाली, तशी या सात मृतांच्या नावेही देण्यात आली.

यात औदार्य होते, हे नाकारण्याचे कारण नाही. साम्राज्याच्या त्या काळात साहेब आणि हमाल यांना एका यादीत बसविणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही ही यादी मला अस्वस्थ करते. चढ तोच, धाप तीच, दोरही तोच. पण एक जण आपल्या हौसेने आला होता आणि दुसरा मजुरीवर. बेडकांच्या गोष्टीतले ‘तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो’ हे वाक्य आपण लहानपणी किती सहज म्हणत होतो! त्या सात जणांना मरणोत्तर क्रीडापटू ठरविताना, जिवंतपणी ते खेळत होते काय, हे कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

याच ऑलिंपिकने पुढे १९७२ साली साप्पोरो येथे कार्ल श्रांझ या ऑस्ट्रियन स्कीपटूला व्यावसायिकतेचा ठपका ठेवून स्पर्धेपूर्वीच बाहेर काढले. मजुरीवर मेलेल्यांना पदक, आणि स्कीवर पैसे मिळविणाऱ्याला दार बंद! तेव्हा पैसा हाही निकष नव्हे. माझ्या मते माघारी फिरण्याची मुभा हा निकष आहे. ज्याला ‘आज नको’ असे म्हणता येते तोच खेळत असतो. माझ्या एका बंगाली सहकाऱ्याने यावर लगेच विचारले, की चौथ्या वर्षापासून प्रशिक्षकाच्या हाती दिलेल्या स्केटरला तरी ही मुभा कोठे असते? हा आक्षेप मला मोडता येत नाही. मग पुष्कळ पदके संशयास्पद ठरतील, तर ठरोत.

याच दृष्टीने मी झांस्करच्या ‘चादरी’कडे पाहतो. खिंडी बंद झाल्या की जानेवारी-फेब्रुवारीत तिथली माणसे गोठलेल्या नदीवरून चालत लेहकडे येत. कोणी लोणी विकायला, कोणी मुलांना शाळेत पोचवायला. अलीकडे त्याच वाटेवर हौशी पदयात्री येतात. त्यांच्यापुढे काठीने बर्फ ठोकून पाहत स्थानिक माणूस चालतो, आणि त्यांचे सामानही घसरगाडीवरून तोच ओढतो. पदयात्री घरी जाऊन साहसाच्या गोष्टी सांगतात. त्याच्या लेखी तो दिवसाचा रोजगार असतो.

२०२४ साली निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला. झांस्करी माणसाची चादरीवाचूनची अडचण आता हळूहळू कमी होत जाईल. मग एखाद्या हिवाळ्यात, लेहला काही काम नसताना, तो सहज म्हणून त्या बर्फावर उतरेल आणि कंटाळा आला की परत फिरेल. त्या वर्षी हीटरभोवतीच्या वादात मी त्याचे नाव क्रीडापटूंत घालणार आहे.