षट्कर्णी

मराठीत ‘षट्कर्णी’ असा एक मोठा मार्मिक शब्द आहे. सांगणाऱ्याचे दोन कान आणि ऐकणाऱ्याचे दोन, अशा चार कानांत राहते ती गोष्ट गुप्त. तिसऱ्या माणसाचे दोन कान तीत येऊन मिळाले, की ती षट्कर्णी झाली, म्हणजेच फुटली. आपल्या पूर्वजांचा हा हिशोब किती काटेकोर होता पाहा! आज मात्र आगगाडीत बसलो, की हा हिशोब पार कोलमडलेला दिसतो. शंभर माणसांच्या डब्यात एखादे गृहस्थ कानात शेंगदाण्याएवढे यंत्र खोचतात, घरच्या गोष्टी बोलू लागतात, आणि त्या गोष्टी क्षणार्धात द्विशतकर्णी होऊन जातात!

हे यंत्र मोठे नवलाचे आहे, यात शंका नाही. खिशातल्या फोनशी ते तारेवाचून जोडलेले असते. हात मोकळे राहतात आणि काम करता करता बोलता येते. काहींच्या मनगटावरचे घड्याळच बोलते. तेव्हा तर पलीकडच्या माणसाचे शब्दही सर्वांना ऐकू येतात, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

१९९० च्या सुमारास गावोगावी एस.टी.डी. बूथ निघाले होते. त्यांतल्या अनेक बूथांत काचेचे दार असलेली एक लहानशी खोली असे. आत शिरून माणूस दार लावून घेई. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना त्याचे हसणे दिसे, डोळे पुसणेही दिसे. शब्द मात्र आतच राहत. कानातल्या यंत्राला असे दार नाही. उलट, बोलणाऱ्याला मात्र आपण दार लावून बसलो आहोत असा भास ते करून देते. मित्राचा आवाज इतका जवळून येतो, की भोवतालची माणसे जणू नाहीशीच होतात.

शिवाय, भोवती गलबला असला की आपला आवाज आपल्या नकळत चढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यांनी १९११ मध्ये ही गोष्ट दाखवून दिली, म्हणून तिला त्यांचेच नाव मिळाले आहे. मग ऐकणाऱ्यांनी तिकडे लक्ष देऊ नये, असे तुम्ही म्हणाल. पण तेही सोपे नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांचे पुरते संभाषण कानी पडले तर जेवढे लक्ष विचलित होते, त्याहून अधिक ते एकाच बाजूचे अर्धे संभाषण ऐकल्याने होते, असे त्यांना आढळले. पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही, आणि मन ते कोडे सोडवीत बसते.

एकदा मी पुण्याहून मिरजेला चाललो होतो. समोरच्या बाकावर एक बाई आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी बसली होती. बाईंच्या कानात ते यंत्र होते. बोलणे बहुधा बहिणीशी चालले असावे. “अगं, यंदा गणितात नापास झाली बघ. दोन दिवस धड जेवली नाही. रात्री झोपेत रडते.” आवाजात राग मुळीच नव्हता, होती ती केवळ काळजी. मुलीने मान खिडकीकडे वळवली. बाहेर उसाचे मळे मागे पडत होते, पण ती ते पाहत नव्हती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेव्हा माझ्या शेजारच्या आजीबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना झोप आलेली नव्हती, हे मला स्पष्ट दिसत होते. कोपऱ्यातल्या तरुणाने पुस्तकात डोके खुपसले. मीही वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरले. कोणी कोणाला खूण केली नव्हती. पण त्या मुलीसाठी आम्ही सर्वांनीच बहिरेपणाचे सोंग घेतले होते. कराड आल्यावर आजीबाईंनी डोळे उघडले आणि पिशवीतला एक पेरू मुलीपुढे धरला. “घे बाळ, गोड आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. मुलीने तो घेतला.

आईच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. पण गुपित सांगितले आईने, आणि ते होते मुलीचे! चारचौघांत आपण बोलतो तेव्हा केवळ आपलेच मन उघडे करीत नाही. मित्राचे आजारपण, भावाचे कर्ज, शेजाऱ्याच्या घरातले भांडण, असे कितीतरी ओघात बाहेर पडते. त्या माणसांना कोणी विचारलेले असते?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. निर्णय मोठ्या मोलाचा आहे. परंतु न्यायालय काही डब्यात येऊन आपल्या शेजारी बसू शकत नाही. तेथे हा हक्क जपायचा तो माणसांनीच. मुंबईच्या जुन्या चाळींत एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत सहज ऐकू जाई. काही शेजाऱ्यांचे कान भिंतीला लागलेले असत, हे खरे. तरीही रात्रीचे भांडण आपल्या कानी आलेच नाही, अशा चेहऱ्याने सकाळी नळावर बोलणारे शेजारीही तेथे होते. भिंती पातळ होत्या. आडपडदा होता तो अशा शेजाऱ्यांच्या वागण्यात.

तुमच्याही कानांत उद्या ही यंत्रे येतील. कोणाच्या आलीही असतील. अवश्य बोला. मात्र दुसऱ्याचे नाव ओठांवर आले, की क्षणभर थांबून भोवतालचे कान मोजा. “मी गाडीत आहे, घरी पोचल्यावर सांगते,” एवढे म्हणायला कितीसा वेळ लागतो? आणि कोणाचे गुपित नकळत आपल्या कानी पडलेच, तर ते तेथेच थांबवावे. गोष्ट षट्कर्णी होणे आपल्याला टाळता आले नाही, तरी ती अष्टकर्णी होऊ न देणे आपल्या हाती असते.