जो देना सो देव

ऑनलाइन जुनी टपाल तिकिटं बघायला बसलं की आधी किमतीच चक्रावून टाकतात. निजामाच्या काळातलं चारमिनारचं एक आण्याचं तिकीट घ्या. एका विक्रेत्यानं त्याचे २५ रुपये लावलेले असतात, दुसऱ्यानं ७५०, आणि तिसरा 'अतिदुर्मिळ' असं ठळक अक्षरात लिहून ७५,००० मागतो. तिकीट तेच, छपाई तीच, वापरून झालेलं, शिक्का बसलेलं. मग खरी किंमत कुठली?

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी परभणीत उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि हैदराबाद संस्थानाची तिकिटं जमवते. याच तिकिटांचा नाद का, याचं उत्तर सोपं आहे. संस्थानाचं टपाल खातं स्वतंत्र होतं. त्याचं पहिलं तिकीट १८६९ चं, आणि १९५० मध्ये ही तिकिटं बंद होऊन भारताची तिकिटं आली. यातल्या बऱ्याच तिकिटांवर किंमत चार लिप्यांत छापलेली आहे: उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी. १९३१ च्या मालिकेत चारमिनार आहे, तसंच आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार आहे. 'मराठी आपली कशी काय, मॅडम?' असं पाचवीतल्या एखाद्या मुलानं विचारलं की मी त्याच्या हातात भिंग आणि चारमिनारचं तिकीट देते. नखाएवढ्या कागदावर उर्दू आणि मराठी शेजारी शेजारी बसलेल्या त्याला दिसतात. पुढं फार बोलावं लागत नाही.

किमतीकडं वळू. मागितलेली रक्कम आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७५,००० मागायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्षानुवर्षं ती जाहिरात तशीच पडून असते, आणि ती बघून दुसरा ८०,००० लावतो. म्हणून मी 'विकायला आहे' ही यादी बघतच नाही, 'विकलं गेलं' ही यादी बघते. लिलावाच्या बहुतेक संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीचे आकडे वेगळे काढता येतात. तसंच तिकीट, तशाच अवस्थेत, गेल्या काही महिन्यांत कितीला गेलं, याची निदान तीन-चार उदाहरणं मिळाली की धुकं निवळतं. चारमिनारचं साधं वापरलेलं तिकीट चहा-बिस्किटाच्या पैशात मिळतं, हे तिथं कळतं.

दुसरा आधार कॅटलॉगचा. स्टॅनली गिबन्ससारख्या कॅटलॉगात प्रत्येक तिकिटापुढं आकडा असतो, पण तो दुकानदार चांगल्या अवस्थेतलं तिकीट गिऱ्हाईकाला विकतो तेव्हाचा. तुम्ही विकायला गेलात तर तो आकडा तुमच्या हातात पडत नाही. दुकानदाराला माल सांभाळायचा असतो, गिऱ्हाईकाची वाट बघायची असते, म्हणून तो बराच कमी भाव देतो. यात लबाडी नाही, धंद्याचा हिशेब आहे. आणि कॅटलॉगातली सगळ्यात लहान रक्कम ही बऱ्याचदा तिकिटाची किंमतच नसते, ते शोधून पाकिटात घालून देण्याची मजुरी असते.

तिसरी गोष्ट अवस्था. कडेचे दाते सगळे शाबूत आहेत का? चित्र चौकटीच्या मधोमध बसलंय की एका बाजूला सरकलंय? मागचा कागद कुठं सोलून पातळ झालाय का? कोऱ्या तिकिटाचा मूळ डिंक आहे, की नंतर कुणी लावलाय? यातल्या एकेका दोषानं किंमत निम्म्यावर येऊ शकते. म्हणून ज्या जाहिरातीत तिकिटाच्या फक्त दर्शनी बाजूचा फोटो आहे, तिथं मी मागच्या बाजूचा फोटो मागते. जो देत नाही, त्याच्याकडून घेत नाही.

चौथी गोष्ट नकलेची. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेली गांधीजींची चार तिकिटं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्यावर 'बापू' हा शब्द हिंदी आणि उर्दू दोन्हींत आहे. त्यातलं दहा रुपयांचं तिकीट महाग, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. मूळ तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्रॅव्युअर पद्धतीनं छापली होती. आजच्या ऑफसेटवर केलेली नक्कल भिंगाखाली धरली की छपाईचा फरक दिसतो.

त्याहून सोपी फसवणूक म्हणजे तिकिटावर नंतर उठवलेला शब्द. निजामाच्या सरकारी कामासाठीच्या तिकिटांवर उर्दूत 'सरकारी' असं छापलेलं असे. स्वस्तातलं साधं तिकीट घ्यायचं, वर 'सरकारी' उठवायचं आणि जास्त भावानं विकायचं, एवढीच ती युक्ती. पाकिस्तानची पहिली तिकिटंही भारताच्या तिकिटांवर आपल्या नाशिकच्या छापखान्यात 'पाकिस्तान' असं छापूनच तयार झाली होती. ती छपाई एकसारखी होती. पण तिकडं गावोगावी हातशिक्क्यानंही तो शब्द उमटवला गेला आणि त्या शिक्क्यांच्या नकलांना अंत नाही. 'सरकारी'च्या बाबतीत उर्दू वाचणाऱ्याला थोडा फायदा होतो. नक्कल करणाऱ्याला अक्षर येत नसेल तर 'सीन'चे दात आणि 'काफ'ची वरची रेघ त्याचं पितळ उघडं पाडतात.

इथवरचं सगळं शिकून येतं. पुढचं अवघड आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका खालांनी मला घरी बोलावलं. त्यांचे मिया टपाल खात्यातून निवृत्त झालेले, तीन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. मागं दोन जाडजूड अल्बम आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा राहिला. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि पहिल्या हप्त्याचे ३८,००० भरायचे होते. मुलानं मोबाईलवर तो ७५,००० चा चारमिनार बघितलेला, आणि अल्बममध्ये चारमिनार मोजून ४० निघाले. घरात हिशेब सुरू झाला होता. त्यातच 'तुमची तिकिटं लाखात घेतो, आधी नोंदणीचे २,५०० पाठवा' असा एक निरोपही येऊन पडला होता. ते पैसे पाठवू नका, एवढंच मी पहिल्या दिवशी निक्षून सांगितलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं चालणाऱ्या असल्याच खोट्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं.

अल्बम बघायला दोन संध्याकाळी गेल्या. सगळ्यात झगमगीत पानं अजमान, फुजैरा, शारजा यांची होती: घोडे, फुलपाखरं, अंतराळवीर. गल्फला गेलेल्या भावानं पाठवलेली. १९६०-७० च्या दशकांत ही तिकिटं संग्राहकांना विकण्यासाठीच ढिगानं छापली गेली. कित्येकांवर शिक्का छापखान्यातच मारलेला, मागचा डिंक जसाच्या तसा. बाजारात त्यांना जवळपास काहीच भाव नाही. ४० चारमिनार तर पाकिटांवरून पाण्यात भिजवून नीट सोडवलेले होते. मियांनी ते किती जपून केलं असेल! पण तिकीट पाकिटावर असतं तर त्याच्यासोबत तारीख, गाव, रस्ता सगळं राहिलं असतं.

किंमत होती ती बिस्किटाच्या डब्यात. न सोडवलेली ११ पाकिटं. जिंतूर, सेलू, गंगाखेड अशा गावांहून निघालेली, एकावर तर गावाचं उर्दू नाव असलेला शिक्का इतका स्वच्छ की मी दहा मिनिटं भिंग खाली ठेवलं नाही. एका ऑनलाइन खरेदीदारानं दोन्ही अल्बम आणि डबा मिळून २,००० देऊ केले होते. ते पाकीट मला हवं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. खाला म्हणाल्या, "तुमीच रख लेव बेटी, जो देना सो देव."

जे द्यायचं ते दे. यापेक्षा कठीण भाव मला कुणी सांगितलेला नाही. समोरच्यानं आकडा सांगितला की घासाघीस करता येते. इथं माहिती सगळी माझ्याकडं आणि विश्वास सगळा त्यांच्याकडं. मी ३०० दिले असते तरी त्यांनी दुवाच दिली असती.

बाजारात येणाऱ्या काफिल्याला वेशीबाहेरच गाठून, त्याला भाव कळायच्या आत माल घेऊन टाकायला रसूलुल्लाहंनी मनाई केली आहे. लहानपणी हे ऐकलं तेव्हा उंट आणि धान्याची पोती डोळ्यांसमोर यायची. खालांच्या ओट्यावर बसले तेव्हा कळलं की बाजार आता मोबाईलमध्ये आहे, आणि ज्याला मोबाईलमधला भाव वाचता येत नाही तो वेशीबाहेरच उभा आहे. खोटी बोली लावून भाव चढवण्यालाही अशीच मनाई आहे, त्याला 'नज्श' म्हणतात. ऑनलाइन लिलावात विकणाऱ्याचाच भाऊ दुसऱ्या नावानं बोली लावतो, तेव्हा तो दुसरं काय करत असतो?

मी खालांच्या नातीला शेजारी बसवलं आणि झालेल्या विक्रीची यादी तिलाच शोधायला लावली. तशा पाकिटांच्या तीन विक्री सापडल्या: ९००, १,१५० आणि १,४००. आमच्या पाकिटावरचा शिक्का तिन्हींपेक्षा स्वच्छ होता. मी दुकानदार नाही, मला माल पुढं विकायचा नाही, तेव्हा दुकानदाराची सूट मी का घ्यावी? १,४०० दिले. उरलेली दहा पाकिटं नातीनं दोन्ही बाजूंचे फोटो काढून, कुठं फाटलंय, कुठं डाग आहे ते लिहून लिलावाला लावली. मी एकावरही बोली लावली नाही. दीड महिन्यात ८,१०० आले. म्हणजे सगळे मिळून ९,५००.

३८,००० झाले नाहीत. उरलेल्यासाठी खालांनी सोन्याची बांगडी गहाण ठेवली. मुलगा काही दिवस माझ्यावर नाराज होता. चाळीस चारमिनार घरात असूनही बाईनं त्यांचे पैसे होऊ दिले नाहीत, असं त्याला वाटत राहिलं. त्याला वाईट वाटणं मी समजू शकते. बापानं जन्मभर जपलेल्या वस्तूला बाजार मोल देत नाही, हे ऐकणं सोपं नसतं.

तुमच्याही घरात असा डबा असेल. तो कुणालाही एकगठ्ठा देऊ नका, पाकिटांवरची तिकिटं सोडवू नका, आणि विकण्याआधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. विकलं गेलेल्याची यादी बघा, घरातल्या पोरांना बघायला शिकवा. आणि तुम्ही जाणकार असाल, समोरचा भोळेपणानं आकडा तुमच्यावर सोडत असेल, तर आधी त्याला तुमच्याएवढं कळू द्या. दोघांना सारखंच माहीत असताना जो आकडा ठरेल, तो ९०० असो की १,४००, रास्त भाव म्हणायचा तो त्यालाच.