यादीबाहेरचे कागद

"साहेब, मला दोन वेळा रांगेत उभं केलं होतं," असे कारागृहातील भेटीच्या जाळीपलीकडून माझा एक पक्षकार ज्या दिवशी सहज बोलून गेला, त्या दिवसापर्यंत दोषारोपपत्राची पाने मोजून, त्यांवर क्रमांक घालून ती बारकाईने वाचली की बचावाच्या वकिलाचे पहिले कर्तव्य पार पडते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मला मिळालेल्या नकलांत ओळखपरेडीचा पंचनामा एकच होता आणि त्यात फिर्यादीने आरोपीस निःशंकपणे ओळखल्याची नोंद होती. अर्ज केला, तीन तारखा गेल्या, आणि अखेर न्यायालयाच्या हुकुमाने तहसील कचेरीच्या दप्तरातून दुसरा पंचनामा आला: आठ दिवस आधीच्या परेडीत त्याच फिर्यादीने रांगेपुढून दोनदा फिरून 'यांपैकी कोणी नाही' असे सांगितले होते. नायब तहसीलदारांच्या किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरातला तो दीड पानी कागद, खाली एका पंचाची सही आणि दुसऱ्याचा निळ्या शाईतला अंगठा, आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. माझा पक्षकार निर्दोष सुटला. परंतु तो कागद अस्तित्वात आहे हे त्याला ठाऊक होते, कारण त्या रांगेत तो स्वतः उभा होता.

ज्या कागदाच्या जन्मवेळी आरोपी हजरच नसतो, तो त्याने मागावा कसा?

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात १९८५ साली जॉन थॉम्पसन याच्यावर प्रथम जबरी चोरीचा आणि लगोलग खुनाचा, असे दोन खटले चालले. चोरीच्या झटापटीत एका पीडिताच्या विजारीवर हल्लेखोराचे रक्त उडाले होते. त्या कापडाचा तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि रक्तगट 'बी' असल्याचा अहवाल खटल्याच्या दोन दिवस आधी सरकारी वकिलांच्या हाती आला. थॉम्पसनचा रक्तगट 'ओ' होता. अहवाल बचाव पक्षास दिला गेला नाही, कापडाचा तुकडा न्यायालयापुढे ठेवला गेला नाही, चोरीचा आरोप शाबीत झाला. आणि त्या शिक्षेचा दाखला उलटतपासणीत पुढे येईल या धास्तीने खुनाच्या खटल्यात त्याला स्वतःच्या बचावाची साक्षसुद्धा देता आली नाही. त्याला देहान्ताची शिक्षा झाली. १९९९ साली, फाशीला काही आठवडे उरले असताना, त्याच्या वकिलांनी नेमलेल्या एका अन्वेषकास जुन्या दप्तरात त्या अहवालाची सूक्ष्मचित्रित प्रत सापडली. त्या खटल्यातील एका सरकारी वकिलाने अखेरच्या आजारात आपल्या स्नेह्यापाशी हा पुरावा दडविल्याचे कबूल केले होते, आणि त्या स्नेह्याने, जो स्वतः वकील होता, पाच वर्षे मौन पाळले होते. २००३ साली फेरखटल्यात ज्यूरीने थॉम्पसनला पस्तीस मिनिटांत निर्दोष ठरविले. तोवर अठरा वर्षे तुरुंगात गेली होती, त्यांपैकी चौदा फाशीच्या कोठडीत. पुढे ज्यूरीने दिलेली एक कोटी चाळीस लाख डॉलरची भरपाई २०११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. तो निकाल मला आजतागायत पटलेला नाही.

हे घडले ते अशा देशात, जेथे आरोपीस अनुकूल असा पुरावा त्याने मागूनही दडविणे हा घटनेचा भंग होय, असे ब्रेडी खटल्यात १९६३ सालीच ठरले होते. नियम होता, तरीही पाळला जातो की नाही हे पाहणारा डोळा कागद बाळगणाऱ्याचाच होता.

आपल्याकडे ही निवड बहुधा सरकारी वकिलांच्याही आधी, तपासी अंमलदाराच्या मेजावरच होते. ज्या कागदांवर फिर्यादी पक्ष भिस्त ठेवणार तेच दोषारोपपत्राबरोबर यावयाचे, अशी कायद्याची शब्दयोजना असल्याने ज्या साक्षीदाराचा जबाब आरोपीस उपकारक, त्याचे नावच साक्षीदारांच्या यादीत येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० ने नकला चौदा दिवसांत देण्याचे बंधन घातले हे चांगलेच झाले. परंतु त्या कलमात वगळलेल्या कागदांचा उल्लेख नाही. सरकारी वकील हा येनकेनप्रकारेण शिक्षा मिळविणारा वकील नव्हे, आरोपीस न्याय्य लाभ मिळण्याजोगा असेल तर तो न्यायालयाच्या नजरेस आणणे हे त्याचेच काम, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शिवकुमार खटल्यात सांगितले; आणि २०२१ साली, फौजदारी खटल्यांतील उणिवांची स्वतःहून दखल घेऊन, ज्या जबाबांवर, दस्तऐवजांवर व वस्तूंवर फिर्यादी पक्ष विसंबत नाही त्यांचीही यादी आरोपीस द्यावी, असा नियमांचा मसुदा सर्व उच्च न्यायालयांकडे पाठविला. माझ्या मते गेल्या अर्धशतकात आरोपीच्या हाती याहून मोलाची वस्तू पडलेली नाही, कारण यादी मिळाली तर कागद मागता येतो, आणि मागितलेला कागद नाकारावयाचा झाल्यास न्यायाधीशांना कारण लिहावे लागते.

म्हणून वकालतनामा दाखल केल्यावर माझा पहिला अर्ज या यादीसाठीच असतो. त्यावर सरकार पक्षाचे म्हणणे येण्यास कधी चार तारखा लागतात, कधी 'अशी यादी अस्तित्वात नाही' एवढीच ओळ येते. परवा मात्र एका तालुक्याच्या गावी नव्यानेच नेमणूक झालेल्या सरकारी वकील बाईंनी मी उठून अर्ज देण्यापूर्वीच अकरा बाबींची टंकलिखित यादी पुढे केली. मी ती दोनदा वाचली, मुद्देमालाच्या पावत्यांशी ताडून पाहिली; माझ्या पक्षकाराच्या उपयोगाचे त्यात काहीच नव्हते. संध्याकाळी कारागृहात जाऊन मी त्याला तसे सांगितले. त्याने यादी हातात घेतली, शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवीत नेले, आणि "बरं, साहेब," असे म्हणून ती घडी घालून खिशात ठेवली.