गोडाचा पेला

आमच्या घरीं साखरेचा डबा माळ्यावर असतो. चौदा वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं आमच्या रक्तांत साखर शोधून काढली, त्याच दिवशीं कुटुंबानें स्वयंपाकघरांतील साखर तेथें हद्दपार केली. तेव्हांपासून संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेत नाहीं, नुसतें गोड बोलतों.

म्हणूनच गेल्या मार्गशीर्षांत हृदयाच्या ‘बायपास’साठीं पुण्यांतील एका रुग्णालयांत दाखल झालों, तेव्हां आदल्या संध्याकाळीं कानांवर पडलेल्या शब्दांनीं आम्ही चकित झालों. शेजारच्या खाटेवरील गृहस्थांना परिचारिका सांगत होती, “पहांटे तुम्हांला एक गोड पेय मिळेल.” त्यांचीही शस्त्रक्रिया हृदयाचीच, सकाळचीच, मधुमेह मात्र नव्हता. शस्त्रक्रियेच्या आदल्या मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही वर्ज्य, असेंच आम्ही आजवर ऐकत आलों होतों.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हां आम्हीं त्यांना छेडलें. वयानें आमच्या विद्यार्थिनींएवढ्या. पण त्यांनीं आमचाच तास घेतला. 1946 सालीं न्यूयॉर्कच्या मेंडेलसन नांवाच्या डॉक्टरांनीं भुलेंत असलेल्या बाळंतिणींच्या पोटांतील द्रव फुप्फुसांत कसा उतरतो तें दाखविलें, आणि त्या भयानें उपास कडक झाले. पुढें कळलें कीं, निरोगी जठरांतून पाणी दोन तासांत निघून जातें. उलट रात्रभर उपाशी राहिलेलें शरीर शस्त्रक्रियेनंतर इन्शुलिनला अधिकच जुमानीनासें होतें. म्हणून 1990 च्या दशकांत स्वीडनमधील युंगक्विस्ट ह्या शल्यविशारदांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शस्त्रक्रियेपूर्वीं पेय पाजण्याचा मार्ग अनुसरला : 400 मिलिलिटर पाण्यांत माल्टोडेक्स्ट्रिन नांवाचें पिष्टापासून केलेलें 50 ग्रॅम सत्त्व.

“इन्शुलिनला न जुमानणें हाच तर आमचा आजार! मग पेल्याचा पहिला मान आमचा,” आम्ही म्हणालों.

“सर, तर्क बरोबर आहे, पुरावा थोडा आहे,” बाई हसून म्हणाल्या. पुष्कळशा प्रयोगांतून मधुमेहींना वगळलेलेंच होतें. 2008 सालीं स्वीडनमध्यें थोड्या मधुमेहींना हें पेय देऊन पाहिलें. त्यांच्या जठरांतून तें वेळेवर पुढें गेलें, रक्तांतील साखर चढली आणि तीन तासांत उतरलीही. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेंत साखर चढून राहिली तर छातीची जखम चिघळण्याचा धोका वाढतो. 2019 सालीं हृदयशस्त्रक्रियेसाठीं निघालेल्या ‘एरास’ शिफारशींतही ह्या पेयाबद्दल इतकेंच, कीं त्याचा विचार करतां येईल.

इंग्रजींतील ‘मे’ आणि ‘मस्ट’ ह्यांमधील अंतर आम्हीं अठ्ठावीस वर्षें मुलांना शिकविलें. एका साहाय्यक क्रियापदावर स्वतःची छाती टांगलेली असण्याचा प्रसंग मात्र पहिलाच!

“जेवल्यावर पोट फार वेळ जड राहतें का?” बाईंनीं विचारलें. जुन्या मधुमेहांत जठराच्या नसा मंदावतात, अन्न रेंगाळतें, आणि मग दोन तासांचा हिशेब चुकतो.

आम्ही गप्प झालों. दोन वर्षें रात्रीचें जेवण सकाळपर्यंत छातीशीं बसल्यासारखें वाटे. घरीं आम्हीं तें सांगितलें नव्हतें. सांगितलें असतें तर उरलेसुरले पदार्थही माळ्यावर गेले असते. ‘नाहीं’ म्हटल्यानें कदाचित् पेला मिळाला असता. खोटें कशासाठीं सुचलें, तर चौदा वर्षांनीं कोणी राजरोस देऊं केलेल्या गोडासाठीं! आम्हीं कुटुंबाकडे न पाहतां ‘होय’ म्हटलें.

“मग तुम्हांला पेय नको. थोडें साधें पाणी, तेंही मी सांगेन तेव्हांच,” असें म्हणून बाईंनीं कागदावर कांहीं लिहिलें.

त्या गेल्यावर बराच वेळ कुटुंब बोललें नाहीं. मग म्हणालें, “अहो, दोन वर्षें?”

पहांटे शेजाऱ्यांनीं पेला तोंडाला लावला आणि तोंड वांकडें केलें. “गोड कसलें! गार पेजेंत साखर टाकल्यासारखें लागतें,” ते म्हणाले. आमचें पाणी थोड्या वेळानें आलें. पेला कुटुंबानें धरला होता, आणि प्रत्येक घोटानंतर तें विचारी, “पोट जड नाहीं ना?”