बावन्न दरवाजे आणि पाच अमीर

आपल्या मुलांना आपलं शहर दिसतं ते रिक्षाच्या बाजूच्या पट्टीतून. शाळा, अरबीचा वर्ग, मामूचं घर, ईदच्या आधी कपड्यांची दुकानं, बस्स. बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे अशी ज्याची ओळख, त्या औरंगाबादेत (कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगरात) वाढलेल्या आमच्या पोरांना तिसऱ्या दरवाजाचं नाव सांगता येईना. म्हणून या थंडीत आम्ही दोन्ही घरच्यांनी, म्हणजे दोघी जावा, दोघे भाऊ आणि सहा ते तेरा वर्षांची पाच मुलं, चार रविवार पायी फिरायचं ठरवलं.

तिघे प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर नेमावं, ही नबी (सल्ल.) यांची शिकवण. आम्ही तीच खेळाची पहिली अट केली. दर टप्प्याला एक मूल अमीर. वाट तो किंवा ती ठरवणार, मोठ्यांनी मागून चालायचं. मोबाइलवरचा नकाशा बंद. वाट चुकली तर सलाम किंवा नमस्कार करून माणसाला विचारायचं. रस्ता ओलांडताना मात्र अमीराचं चालणार नाही, तिथे हुकूम अम्मीचा. आपल्याकडे पदपथ म्हणजे दुकानांची ओसरी, त्यामुळे या अटीला पर्याय नाही.

सुरुवात भडकल दरवाजापासून, सकाळी सातला, गर्दी व्हायच्या आत. पहिला खेळ दिशांचा. सूर्य तिकडे, तर काबा कुठे? हात उंचावून दाखवायचं. मग दरवाजांच्या नावांवरून पडताळायचं: दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दरवाजा दक्षिणेला, मक्काई दरवाजा पश्चिमेला. धाकट्याला हे भारीच वाटलं की गावाच्या तटातच किबला सांगणारं दार आहे. त्यानंतर तो वळणावळणावर उभं राहून मक्का दाखवू लागला.

भडकल दरवाजा मलिक अंबरने 1612 मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून उभारला. हे सांगितल्यावर तेरा वर्षांच्या थोरलीने थेट विचारलं, "म्हणजे मुसलमान मुसलमानांशी लढले?" हो, लढले. राज्यासाठी लढले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजेही होते, समोर मोगल आणि आदिलशाही फौजा होत्या. मुलांच्या डोक्यात इतिहासाच्या दोनच फळ्या असतात, आपली आणि त्यांची. भडकलच्या कमानीखाली त्या जरा हलल्या, हे आम्हाला या फिरण्यातलं सर्वांत मोलाचं वाटलं. आणि हा अंबर हबशी, इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि 1610 मध्ये खडकी गावी त्याने हे शहर वसवलं. "गुलामाने शहर बांधलं?" हा प्रश्न मग पुढचा अर्धा तास पुरला.

जामा मशीदही त्याचीच, पुढे औरंगजेबाने वाढवलेली. तिथे खेळ मुक्याचा: बोट न दाखवता, न बोलता खांब मोजायचे आणि बाहेर आल्यावर आकडा सांगायचा. पाच मुलांचे पाच आकडे आले. फेरमोजणीला कुणी तयार नव्हतं, भूक लागली होती.

पाणचक्कीला खेळ उलट्या वाटेचा. हौदात पडणारं पाणी आलं कुठून? हौदापासून मागे मागे शोधत जायचं. भिंतीच्या वरून धार पडते, तिथपर्यंत मुलं पोहोचली आणि अडली, कारण पंप कुठेच नाही. काही किलोमीटर लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून उताराने आणून उंचावरून सोडलं आहे. त्याच जोरावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. मग हौदाखालचं दालन. तिथे उभं करून विचारलं, डोक्यावर काय आहे? कुणालाच पटेना की वरच्या हौदाचा तळ हेच या खोलीचं छत. ज्या शहरात आज नळाला पाणी कधी येणार यावर घरचं वेळापत्रक ठरतं, तिथल्या मुलांनी हे पाहायलाच हवं. अंबरच्या नहरीचे नळ कुठे बुजले, कुठे रस्त्याखाली फुटले, त्यावर पुन्हा कधी.

बेगमपुऱ्यातून मकबऱ्याकडे जाताना नावांचा खेळ चालतो. करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, आणि गुलमंडीतलं गुल म्हणजे फूल. दुकानांच्या जुन्या पाट्यांवर मोहल्ल्यांची नावं शोधायची; ज्याला जास्त सापडतील त्याला इमरती. मकबऱ्यात दिलरस बानू बेगम यांची कबर, त्यामुळे आधी फातिहा, मग खेळ. भिंतीला हात न लावता सांगायचं की संगमरवर कुठे संपला आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू झाला. लोक याला ताजमहालाची गरीब नक्कल म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. कमी पैशात असा गिलावा करणारे हात गरीब कसे? आमच्या सहा वर्षांच्या पुतणीने ती सीमा सर्वांत आधी ओळखली.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या. लहानग्याला घेऊन दोन-अडीच किलोमीटरच्या पुढे हट्ट धरू नये, आणि शौचालयाची सोय निघण्यापूर्वी पाहून ठेवावी. यावर मासिकांत कुणी लिहीत नाही, पण मुलींना घेऊन निघालेल्या बाईचा अर्धा जीव त्यातच अडकलेला असतो. आम्ही वाटेतल्या नातेवाइकांची घरं आधीच कळवून ठेवली होती. चहाही तिथेच झाला.

चौथ्या रविवारी पैठण दरवाजा ते शहागंज, गुलमंडी आणि सिटी चौकातून. अमीर थोरली. आम्ही वीस पावलं मागे. गुलमंडीपुढच्या गर्दीत ती थांबली, तेव्हा तिच्या अब्बूंना राहवेना, ते पुढे निघालेच होते. आम्ही त्यांची बाही धरली. तिने एका अत्तरवाल्या चाचांना सलाम केला, काहीतरी विचारलं, आणि मागे वळून न बघता आम्हाला यायची खूण केली. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पोहोचल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, सोमवारी शिकवणीला पायी गेलं तर चालेल का. अब्बू अजून विचार करताहेत. सोबत मैत्रीण हवी, एवढ्यावर बोलणी येऊन थांबली आहेत.