गडावर जायचंय? दुसरी वाटही ठरवा

डोंगरावर एक रात्र मुक्काम करण्याचा बेत बहुतेक घरांत दोन प्रश्नांपाशी अडतो. 'रात्री राहायचं कुठे?' हा पहिला आणि 'आईचं काय?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सगळे मिळून शोधतात. दुसऱ्याचे उत्तर आईच देऊन टाकते, ''तुम्ही जाऊन या, मी घर बघते.''

ठाण्याच्या एका चौकोनी कुटुंबात हे उत्तर कित्येक वर्षे चालले. बाबा तरुणपणापासून गड चढणारे, मुलगा अभियांत्रिकीला, मुलगी अकरावीत. दर हिवाळ्यात तिघे कुठल्या ना कुठल्या गडावर जात आणि आई पहाटे चारला उठून धपाटे आणि लसणाची चटणी बांधून देई. गेल्या वेळी हरिश्चंद्रगडाचा विषय निघाला, तेव्हा मात्र ती म्हणाली, ''या वेळी मीही येणार आहे.''

घरात क्षणभर शांतता पसरली. तिचा दुखरा गुडघा सर्वांनाच ठाऊक होता.

हरिश्चंद्रगड म्हणजे एखादे टोकदार शिखर नव्हे. ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेले ते प्रचंड पठार आहे. तारामती हे त्यावरचे सर्वांत उंच शिखर १,४०० मीटरहून उंच आहे. एवढ्या मोठ्या डोंगराला वाटाही अनेक. अकोले तालुक्यातल्या पाचनई गावाकडून येणारी वाट सर्वांत सोपी, दोन-तीन तासांची. माळशेज घाटाजवळच्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चढायला चार-पाच तास लागतात. खिंडीच्या वर कातळटप्पा आहे. त्यावर आधाराला रेलिंग असले, तरी पाय जपूनच टाकावा लागतो. आणि कोकणातल्या बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतून येणारी नळीची वाट म्हणजे अख्ख्या दिवसाची परीक्षा. तिथे दोर आणि जाणकार सोबती हवेतच.

''नळीच्या वाटेनेच जाऊ,'' मुलगा म्हणाला.

''खिरेश्वर. मी चार वेळा गेलोय तिथून,'' बाबांनी निकाल दिला.

''मग आईला पाचनईहून घेऊन मी जाते,'' मुलगी म्हणाली. त्यात माया होती, पण आई आता ओझे होणार, हेही त्यातच होते.

आई काही बोलली नाही. तिने वही काढली. घरातली दोन लग्ने तिने पार पाडली होती. आचारी ऐन वेळी आला नाही तर काय करायचे, हे ठरवल्याशिवाय ती झोपत नसे. गडाचाही विचार तिने तसाच केला. बाबांना शेजारी बसवून ती एकेक गोष्ट विचारत गेली आणि ते लिहीत गेले. खिंडीत किती वाजता पोचायला हवे? डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, खिंडीपासून माथा तीन तास, गुडघ्यासाठी आणखी एक तास धरायचा. म्हणजे दुपारी दोन. त्याहून उशीर झाला तर? खिंडीतून दुसऱ्या अंगाला कोथळे गावाकडे उतरता येते. तिथून जीपने पाचनई. तिथल्या एका घरात राहण्याची सोय होती, त्यांचा फोन नंबरही कागदावर चढला.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे मुक्काम, तंबू आणि शेकोटीबद्दल वनखात्याकडे आधीच चौकशी केली. माणशी तीन लिटर पाणी, प्रत्येकाकडे स्वतंत्र टॉर्च आणि शिट्टी, कचरा परत आणायला पिशवी. कागदाची एक प्रत डोंबिवलीच्या आत्याकडे दिली, कारण डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असे नाही. रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही, तर कुठे कळवायचे, हेही त्यात होते.

''अगं, आपण काय हिमालयात चाललोय?'' बाबा हसले.

प्रत्यक्षात एसटी माळशेज घाटातल्या रहदारीत अडकली. खुबी फाट्यावर जीप मिळाली नाही, म्हणून धरणाच्या कडेने खिरेश्वरपर्यंत पायपीट झाली. तोलार खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापाशी चौघे टेकले, तेव्हा दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. आईचा गुडघा कुरकुरत होता, पण चालत होता.

''तीन तासांचा तर प्रश्न आहे. टॉर्च आहेत ना,'' बाबा म्हणाले. मुलगा तर पुढे निघालाही होता.

आईने कागद काढून त्यांच्यापुढे धरला. ''अहो, हे तुमच्याच अक्षरात आहे.''

बाबांना या डोंगराची ओळख होती, म्हणूनच ते गप्प झाले. वरच्या पठारावर गुरांच्या वाटा इतक्या फुटतात, की अंधारात किंवा धुक्यात जाणताही चकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेला एक गट याच गडावर धुक्यात वाट चुकला आणि त्यातल्या एका तरुणाला प्राण गमवावे लागले. खिंडीत बसून घेतलेला दहा मिनिटांचा निर्णय कधीकधी एवढा मोलाचा असतो.

चौघे कोथळ्याकडे उतरले. रेंज मिळताच आत्याला बदल कळवला. मुलगा जीपमध्ये कोणाशीच बोलला नाही. रात्री पाचनईच्या त्या घरात चुलीवरची भाकरी आणि पिठले समोर आले, तेव्हा कुठे त्याचा चेहरा सैल झाला. जड सामान तिथेच ठेवून पहाटे सर्वजण निघाले. आई काठी टेकत, आपल्या चालीने, सव्वातीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचली.

जवळच्या केदारेश्वराच्या लेण्यात ती गार पाण्याच्या काठाशी बराच वेळ उभी राहिली. मध्ये भव्य शिवलिंग, भोवती चार खांबांची जागा, त्यांतला एकच खांब शाबूत. मग कोकणकडा आला. मुलगा कड्यापासून लांब, पोटावर पडून खाली पाहत होता. खालची झाडी, दगडांची घळ आणि वर चढणारी उभी भिंत पाहून तो हळूच म्हणाला, ''नळीची वाट पुढच्या वर्षी. पण आई, कागद तू करायचास.''

कड्यावरून तिला सूर्यास्त दाखवायचा, असे बाबांच्या मनात होते. तो हुकला. त्यांनी तसे बोलूनही दाखवले. ''सूर्य काय, रोज मावळतो,'' ती म्हणाली आणि डब्याचे झाकण उघडले. त्यात पाचनईच्या घरधनिणीने बांधून दिलेल्या भाकऱ्या होत्या. या खेपेला पहाटे चारला दुसरेच कोणी उठले होते.

दुसरी वाट आधीच ठरवणे म्हणजे भित्रेपणा, असे अनेक घरांत समजले जाते. उलट ती ठरलेली असली, की मागे वळताना कोणालाही कमीपणा येत नाही आणि ऐन वेळी वादही होत नाही. कारण निर्णय थकलेल्या पायांनी घेतलेला नसतो, घरी शांत डोक्याने घेतलेला असतो. शिवाय वेळ धरताना गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचा हिशेब धरला, तर त्या माणसाला मागे राहून घर बघावे लागत नाही.

म्हणून पुढच्या सहलीचा बेत आखाल, तेव्हा आधी घरातल्या त्या व्यक्तीला विचारा, जिने आजवर फक्त डबे भरले. वाट कोणतीही निघो, वही तिच्याच हाती द्या.